आर्क्टिकच्या समुद्रातलं तेल: विहीर खणता येते, पण काही बिघडलं तर?

दर्यासारंग

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की उत्तर ध्रुवाकडचा बर्फ वितळतोय, तिथे अमाप तेल आहे, आता ते काढायला अडचण उरलेली नाही. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. मी मुंबई हायवर टग आणि सप्लाय बोटींवर बरीच वर्षं काढली. आर्क्टिकला गेलेलो नाही. पण समुद्रातून तेल काढायचं तर काय काय हलवावं लागतं हे जवळून पाहिलंय. त्याच नजरेने मी शेल कंपनीच्या अलास्कातल्या मोहिमेबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

आधी तेल किती ते सांगतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने 2008 मध्ये अंदाज दिला: आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला न सापडलेलं तेल सुमारे 90 अब्ज बॅरल, म्हणजे जगातल्या न सापडलेल्या तेलाच्या 13 टक्के. वायू 30 टक्के. त्यातलं 84 टक्के समुद्राखाली. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो अंदाज आहे, हाती आलेला साठा नव्हे.

त्याच वर्षी अलास्काच्या वायव्येला असलेल्या चुकची समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात शेलने 2.1 अब्ज डॉलर मोजले. बर्गर नावाच्या जागी त्यांना 1990 च्या सुमारास वायू लागलेला होता. प्रत्यक्ष ड्रिलिंग सुरू झालं 2012 मध्ये, आणि ते वर्ष कसं गेलं बघा. जुलैत अलास्कातल्या डच हार्बर बंदराशी 'नोबल डिस्कव्हरर' या ड्रिलिंग जहाजाचा नांगर घसरला, जहाज किनाऱ्याला जवळजवळ लागलंच होतं. विहीर फुटली तर तेल अडवायला जो पोलादी डोम बांधला होता, तो चाचणीतच चेपला गेला. त्यामुळे त्या हंगामात तेलाच्या थरापर्यंत जायची परवानगीच मिळाली नाही, फक्त वरचं भोक पाडायचं. सप्टेंबरात ते सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी सुमारे 30 मैल लांब आणि 12 मैल रुंद बर्फाचा तुकडा अंगावर आला, म्हणून नांगर सोडून जहाज हलवावं लागलं. लक्षात घ्या, उपग्रहाच्या नोंदी सुरू झाल्यापासून आर्क्टिकमध्ये सर्वांत कमी बर्फ ज्या सप्टेंबरात नोंदला गेला, तो हाच 2012 चा. म्हणजे सरासरी बर्फ कमी झाला तरी तुमच्या रिगच्या जागी, तुमच्या कामाच्या दिवशी तो येणार नाही याची हमी नाही.

मग 'कुल्लुक'. हे 1983 मध्ये जपानात बांधलेलं गोल, तळाशी निमुळतं होत गेलेलं ड्रिलिंग युनिट. बर्फ खाली वाकून मोडावा म्हणून तसा आकार. त्याला स्वतःचं इंजिन नाही, ओढूनच न्यायचं. 21 डिसेंबर 2012 ला डच हार्बरहून ते सिॲटलकडे निघालं, ओढायला 'आयविक' हा एकच टग, म्हणजे ओढणारं जहाज. डिसेंबरात अलास्काचं आखात! आमच्याकडे जॅकअप (पाय समुद्रतळावर टेकवून उभी राहणारी रिग) हलवायची तर मान्सूनच्या तोंडावर कुणी नाव काढत नाही, कामं आधीच उरकतात. आयविकच्या कप्तानाने वाटेतच मेलमध्ये लिहून ठेवलं होतं की या मोसमात, या मार्गाने, एवढं लांबचं टोइंग म्हणजे मार खाणं ठरलेलं आहे.

27 डिसेंबरला टोइंगच्या जोडणीतलं 120 टनी शॅकल गेलं. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शॅकल म्हणजे इंग्रजी यू आकाराचं जाड पोलादी कडं, तोंडातून आडवी पिन. या मापाचं शॅकल एकट्या माणसाला उचलत नाही, डेकवर जागच्या जागी फिरवायलाही चेनब्लॉक लावावा लागतो. आम्ही निघण्यापूर्वी पिनचा नट आणि त्याच्या आडवी बसणारी छोटी कॉटर पिन हाताने चाचपून बघायचो. कारण वायर जाडजूड असते, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे जातं, आणि घात होतो तो जोडणीत. लाटेवर टग वर जातो तेव्हा मागची रिग खाली असते. वायर ताणते, ढिली पडते, परत ताणते. दिवसभर, रात्रभर. त्यात कुठलाही कमकुवत सांधा टिकत नाही.

दुसरी वायर कशीबशी लावली, तर 28 तारखेला आयविकची चारही इंजिनं बंद पडली. इंधनात समुद्राचं पाणी शिरलं होतं. 29 ला कोस्ट गार्डच्या हेलिकॉप्टरांनी कुल्लुकवरच्या 18 जणांना उचललं. 31 डिसेंबरच्या रात्री अलास्कातल्या कोडियाकजवळच्या सिटकालिडाक बेटावर कुल्लुक चढलं. आत सुमारे 1 लाख 40 हजार गॅलन डिझेल होतं. टाक्या फुटल्या नाहीत, माणूस गेला नाही. कोस्ट गार्डच्या अहवालात निघण्याच्या घाईचं एक कारण म्हणून अलास्काचा कर नोंदवला आहे: 1 जानेवारीला रिग राज्यात असती तर काही दशलक्ष डॉलर भरावे लागले असते.

माझा मुद्दा हा. या सगळ्यात विहिरीतून तेलाचा थेंबही आलेला नव्हता. खणायचं तंत्र शेलकडे होतं. घात झाला तो नांगर, शॅकल, इंधनाची टाकी आणि तारीख यांच्यात. आणि हे घडलं कोडियाकच्या दारात, जिथे कोस्ट गार्डचा मोठा हवाई तळ आहे. बर्गरची जागा तिथून हजार मैलांच्या आसपास उत्तरेला.

2021 चं तौक्ते आठवा. पी-305 बार्ज बुडाला तेव्हा आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता त्याच वादळात निघाल्या, त्यांनी पावणेदोनशेहून जास्त माणसं पाण्यातून काढली. तरी सत्तरहून अधिक गेली. मुंबईपासून जवळच, कोमट पाण्यात, बाजूला नौदल असताना. चुकचीत तशी वेळ आली तर कोण पोचणार, कधी पोचणार आणि कशाने पोचणार, याचं उत्तर आधी द्या आणि मग खणा, असं मला मनापासून वाटतं.

अर्थवेधी

दर्यासारंग, लेख उत्तम, टोइंगचा भाग तर कुठेच इतका समजावून सांगितलेला वाचला नव्हता. पण निष्कर्ष अर्धाच पटला. शेल अपघातांमुळे गेली नाही. 2015 मध्ये ते परत आले, 'पोलर पायोनियर' घेऊन. 45 मीटर पाण्यात 'बर्गर-जे' नावाची विहीर सुमारे 2,070 मीटर खोल नेली. तेल-वायूच्या खुणा मिळाल्या, पण धंदा होईल इतकं नाही. 28 सप्टेंबर 2015 ला त्यांनी गाशा गुंडाळला. खर्च तोवर 7 अब्ज डॉलरच्या घरात. 2012 ला ब्रेंट (कच्च्या तेलाचा जागतिक भाव) बॅरलला 110 डॉलरच्या आसपास होतं, 2015 च्या सप्टेंबरात पन्नासच्याही खाली. थर भरलेला निघाला असता किंवा भाव टिकला असता तर आज तिथे प्लॅटफॉर्म उभे असते.

ग्रीनलंडचंही तेच. बाडमेरचं मंगला क्षेत्र शोधणारी केर्न 2010-11 मध्ये तिकडे गेली, आठ विहिरी खणल्या, हाती काही नाही. ग्रीनलंड सरकारने नवे परवाने बंद केले ते 2021 मध्ये. कंपन्या आधीच पाठ फिरवून गेल्या होत्या.

दर्यासारंग

भावाचा मुद्दा मान्य. पण 7 अब्ज का झाले तेही बघा. एका विहिरीसाठी दुसरी रिग हाताशी ठेवायची, कारण पहिली विहीर फुटली तर ती बंद करायला त्याच हंगामात बाजूने रिलीफ विहीर खणता आली पाहिजे. तेलाच्या थरातलं ड्रिलिंग सप्टेंबरअखेर थांबवायचं. बर्फफोडी जहाजं, कॅपिंग स्टॅक (फुटलेल्या विहिरीच्या तोंडावर बसवायचं झाकण) वाहणारं जहाज, डोमचा बार्ज, सगळा ताफा हजार मैलांवरून आणायचा. त्यातलं कॅपिंग स्टॅकचं 'फेनिका' जहाज 2015 च्या जुलैत डच हार्बरमधून निघतानाच खडकावर तळ फाडून बसलं आणि दुरुस्तीला पार पोर्टलंडला गेलं. सुरक्षितता आणि खर्च या तिथे वेगळ्या गोष्टी नाहीत. सुरक्षित करायला गेलात की परवडत नाही.

मीनल_स्टाव्हांगर

नमस्कार. मी इथे नॉर्वेत समुद्रतळावरच्या (सबसी) पाइपलाइनच्या कामात आहे, म्हणून थोडं लिहिते. सगळ्या आर्क्टिकला एकाच मापाने मोजू नका, ही विनंती. आमचा दक्षिण बॅरेंट्स समुद्र अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळ्यातही गोठत नाही. स्नोव्हित हे वायूक्षेत्र 2007 पासून चालू आहे: समुद्रावर प्लॅटफॉर्मच नाही, सगळं तळाशी, आणि वायू 140 किलोमीटरच्या पाइपने हॅमरफेस्टजवळच्या मेल्कोया बेटावर येतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड परत समुद्रतळाखाली सोडतात. गोलियात हे तेलक्षेत्र 2016 पासून. योहान कास्तबर्ग हे दुसरं तेलक्षेत्र 31 मार्च 2025 ला सुरू झालं, दिवसाला 2 लाख 20 हजार बॅरलची क्षमता. मोठा अपघात झालेला नाही असं मी म्हणणार नाही, 2020 च्या सप्टेंबरात मेल्कोयाला आग लागली आणि प्रकल्प दीड वर्षाहून अधिक बंद राहिला. पण तो किनाऱ्यावर होता, माणसं पोचली, आग विझली.

राजकारण मात्र बर्फाच्या कडेवरून आहे. 2020 मध्ये संसदेने ठरवलं की एप्रिलमध्ये जिथे 15 टक्के वेळा बर्फ आढळतो तिथपर्यंत संवेदनशील क्षेत्र. कडेलाच प्लवक, मासे, पक्षी सगळे गोळा होतात, म्हणून शास्त्रज्ञांना ही रेषा आणखी दक्षिणेला हवी होती. तेल कंपन्यांना उत्तरेला.

पाचूबंदर

दर्यासारंगदादा, आम्ही मच्छीमार घरातले. 2010 ला एमएससी चित्रा मुंबईबाहेर धडकली तेव्हा जे तेल आलं ते आठवतंय. जाळ्याला काळा चिकट थर, रॉकेलने पुसला तरी जाईना, आणि मासळी चांगली असली तरी गिऱ्हाईक हात लावेना. इथे गरम पाणी, लाटा, ऊन, तरी ही गत. बर्फाखाली तेल सांडलं तर ते काढतात तरी कसं?

उत्तरध्रुवी

पाचूबंदर, मी बर्फाच्या यांत्रिकीचा अभ्यास करतो, म्हणून मी उत्तर देऊ पाहतो.

कॅनडाने 1974-75 च्या हिवाळ्यात आर्क्टिकमधल्या ब्युफोर्ट समुद्राच्या किनाऱ्यावर बलीना बे येथे मुद्दाम बर्फाखाली तेल सोडून पाहिलं होतं. तेल बर्फाच्या खालच्या खळग्यांत साठतं. हिवाळा चालू असतो, त्यामुळे त्याच्याखाली नवा बर्फ धरतो आणि तेल दोन थरांच्या मध्ये अडकतं. वसंतात बर्फातल्या खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्या उघडतात, त्यातून तेल वर येऊन पृष्ठभागावरच्या डबक्यांत जमतं. ते पेटवून देता येतं, आणि तोच त्यातल्या त्यात खरा उपाय आहे. पण तो प्रयोग किनाऱ्याला चिकटलेल्या, न हलणाऱ्या बर्फावर होता. खुल्या समुद्रातला बर्फ हिंडतो. नोव्हेंबरात एका जागी अडकलेलं तेल जूनमध्ये शेकडो किलोमीटरवर बाहेर येईल. मधले महिने अंधार. त्याच्यावर नजर ठेवायची तर बर्फावर खुणेचे बॉये टाकून माग काढायचा. आपल्याकडे बंदरात जे तरंगते अडसर लावतात ते तुटक्या बर्फात चालत नाहीत, बर्फच त्यांना घेऊन जातो.

एक्सॉन व्हाल्डीझ ही तेलवाहू बोट 1989 ला फुटली ती जागा आर्क्टिक नव्हे, दक्षिण अलास्का, आणि पाण्यावर बर्फाची चादर नव्हती. तरी 1 कोटी 10 लाख गॅलनपैकी फारच थोडं परत मिळालं.

बर्फाच्या ताकदीबद्दल एक घटना सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅनडाच्या ब्युफोर्टमध्ये 'मोलिकपाक' नावाचं पोलादी कड्याचं बेट होतं, आत वाळू भरून समुद्रतळावर बसवलेलं. 12 एप्रिल 1986 ला अनेक वर्षांचा जुना, कठीण बर्फ येऊन त्याला भिडला. बर्फ सावकाश चिरडला जात होता आणि प्रत्येक चिरडण्यासरशी कडं हादरत होतं. ठराविक लयीत हादरे बसत गेल्यावर आतल्या ओल्या वाळूच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढत गेला, आणि एका बाजूची वाळू पातळ होऊ लागली. भूकंपात जमीन चिखलासारखी होते, तोच प्रकार. आणखी थोडा वेळ चाललं असतं तर सगळं बेट सरकलं असतं. बर्फ थांबला म्हणून वाचलं. आज बर्फ किती जोर लावतो याची जी गणितं आम्ही शिकतो त्यात त्या दिवसाच्या मोजमापांचा मोठा वाटा आहे. मोलिकपाक पुढे रशियाच्या सखालिन बेटाजवळ नेलं, 1999 पासून तिथे तेल काढू लागलं.

रानभूल

सगळे तेलाबद्दल लिहितायत, तिथल्या लोकांबद्दल कुणीच नाही. चुकचीच्या काठावर इनुपियाक लोक राहतात, बोहेड व्हेलची शिकार हा त्यांच्या जेवणाचा आणि सणाचा पाया. पॉइंट होप या गावाने 2008 च्या लिलावाविरुद्ध खटला भरला आणि 2014 च्या जानेवारीत अपील न्यायालयाने मान्य केलं की सरकारने तेलाचा अंदाज धरतानाच चूक केली, परिणाम कमी दाखवले. एवढंसं गाव! मला त्यांचा अभिमान वाटतो.

अर्थवेधी

रानभूलताई, खटल्याचं बरोबर आहे, पण चित्र एवढं सरळ नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथल्या प्रादेशिक मूळनिवासी कंपनीने आणि सहा गावांच्या कंपन्यांनी मिळून शेलच्या चुकची प्रकल्पात हिस्सा घेण्यासाठी वेगळी कंपनी काढली. तिथल्या शाळा, पाणी, दवाखाने जमिनीवरच्या, उत्तर अलास्कातल्या प्रूडो बे क्षेत्राच्या तेलावरील मालमत्ता करातून चालतात. ते तेल आटत चाललंय. समुद्रातलं नको म्हणायचं तर उद्या शाळा कशावर चालवायची, हा प्रश्न त्यांच्या घरातलाच आहे.

रानभूल

हिस्सा मागणं आणि धोका पत्करायला तयार असणं यात फरक आहे. प्रकल्प होणारच असेल तर निदान बोलण्याचा हक्क असावा, म्हणून बरेच जण आत जातात. आपल्याकडे प्रकल्पग्रस्तांनी नोकरी मागितली म्हणून त्यांची जमीन द्यायला संमती होती असं म्हणता येईल का?

मीनल_स्टाव्हांगर

इथेही हेच. मेल्कोया जमिनीवरून वीज घेऊन चालवायला सरकारने 2023 मध्ये मंजुरी दिली, उत्सर्जन कमी व्हावं म्हणून. पण त्यासाठी तारा आणि पवनचक्क्या लागणार, आणि त्या सामी लोकांच्या रेनडिअरच्या चराईत. हॅमरफेस्टला मेल्कोयाच्या करातून शाळा झाल्या, शहर नांदतं झालं, हेही मी डोळ्यांनी पाहते.

नवखा_वाचक

रशियाचं काय? आपला पैसा तिथे आहे ना?

अर्थवेधी

आहे, पण बहुतांश जमिनीवर. ओएनजीसी विदेशचे सायबेरियातल्या वांकोर तेलक्षेत्रात 26 टक्के, इतर भारतीय सरकारी कंपन्यांचे 23.9. वांकोर आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला आहे खरं, पण समुद्रात नाही. सखालिन-1 मध्ये 20 टक्के, ते समुद्रात, हिवाळ्यात गोठणाऱ्या, पण आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच खाली. 2022 नंतर डिव्हिडंड रशियातच अडकून पडला. म्हणून तर म्हणतो, आपण 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, आपल्याला हा प्रश्न परका नाही.

रशियाचा खरा आर्क्टिक समुद्रातला प्लॅटफॉर्म म्हणजे पेचोरा समुद्रातला प्रिराझलोमनाया. किनाऱ्यापासून 60 किलोमीटर, पाणी फक्त 20 मीटर खोल, तळावर बसवलेला, डिसेंबर 2013 पासून उत्पादन. ग्रीनपीसचे 30 जण तिथेच पकडले होते. श्टोकमन हे त्याहून कितीतरी मोठं वायूक्षेत्र, किनाऱ्यापासून जवळपास 600 किलोमीटर आत, 1988 पासून माहीत आहे. 2012 मध्ये गुंडाळून ठेवलं, आजही तसंच. कारा समुद्रात एक्सॉन आणि रोसनेफ्टला 2014 मध्ये तेल लागलं, निर्बंधांमुळे एक्सॉनला निघावं लागलं.

सड्यावरची

मी वास्कोची. इथे हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, स्वालबार्डमधलं हिमाद्री हे भारताचं केंद्र 2008 पासून तेच चालवतं. 2014 मध्ये तिथल्या कोंग्सफ्योर्डमध्ये पाण्याखाली उपकरणांची साखळीही सोडली. इथल्याच शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये मांडलं की कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटण्याचा आणि सप्टेंबरात मध्य भारतात होणाऱ्या अतिवृष्टीचा संबंध असू शकतो. अर्थवेधी, ज्या कारा समुद्रात तेल सापडल्याचं तुम्ही लिहिलंत तोच हा समुद्र. आयातीचा हिशेब करताना विदर्भ-मराठवाड्यातल्या काढणीला आलेल्या सोयाबीनवर पडणारा पाऊसही त्याच वहीत मांडायला हवा, असं मला वाटतं.

अर्थवेधी

सड्यावरचीताई, मुद्दा पोचला. ही बाजू माझ्या हिशेबात नव्हती, तो पेपर मिळवून वाचतो.

पाचूबंदर

दादा, त्या आयविक टगचं पुढे काय झालं? आणि कुल्लुकचं? शिक्षा कुणाला झाली का?

दर्यासारंग

कुल्लुक 6 जानेवारीला तरंगवलं, पण दुरुस्ती परवडेना, चीनला नेऊन 2014 मध्ये मोडीत काढलं. डिस्कव्हररच्या मालक कंपनीने 2014 च्या डिसेंबरात आठ गुन्हे कबूल केले, तेलकट पाण्याच्या खोट्या नोंदी ठेवल्याचे वगैरे, आणि 1 कोटी 22 लाख डॉलर भरले. आयविक मात्र अमेरिकेच्या कोस्ट गार्डनेच 2024 मध्ये विकत घेतला, कारण त्यांच्याकडे बर्फफोडी जहाजंच पुरेशी नाहीत. 'स्टोरिस' नाव देऊन 2025 च्या ऑगस्टमध्ये जुनोला सेवेत घेतला. यावरून उत्तरेकडे बचावाची तयारी किती आहे याचा अंदाज करा.

परवान्यांचं म्हणाल तर चुकची आणि ब्युफोर्टचा बहुतेक भाग ओबामांनी डिसेंबर 2016 मध्ये बंद केला, ट्रम्प यांनी 2017 ला उघडला, 2019 ला अलास्कातल्या न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला, 2021 ला बायडेन यांनी परत बंद केला, 2025 ला ट्रम्प यांनी परत उघडला. तेवढ्यात तिकडे ना नवं खोल बंदर झालं, ना कोडियाकच्या उत्तरेला कोस्ट गार्डचा कायमचा हवाई तळ. मीनलताई, तुमच्याकडे हॅमरफेस्टहून योहान कास्तबर्गला हेलिकॉप्टर किती वेळात पोचतं, आणि राखीव टग कायम उभा असतो का, हे जमलं तर लिहा. मला त्याची चुकचीशी तुलना करायची आहे.

मीनल_स्टाव्हांगर

कास्तबर्ग हॅमरफेस्टपासून सुमारे 240 किलोमीटरवर आहे, म्हणजे हेलिकॉप्टरला साधारण तासाभराचा पल्ला. क्षेत्राजवळ स्टँडबाय जहाज असतंच. टगबद्दल नेमकं विचारून सोमवारी लिहिते.